एकाच नावाची माणसे : कात्रण विभागाच्या सूचीच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२५, सांगली

वाचनालयाच्या कात्रण विभागातील व्यक्तिविषयक पाकिटांची सूची नव्याने करण्याचे काम आजपासून हाती घेतले आहे. पाकिटे अकारविल्हे लावलेली आहेत, पण प्रत्येकावर फक्त नाव आणि आडनाव आहे. ज्यांनी ही लावणी केली त्यांना जिल्ह्यातील माणसे तोंडपाठ होती, त्यामुळे त्यांना त्याहून अधिक लिहिण्याची गरज वाटली नसावी. आज ती माणसे नाहीत आणि पाकिटे बोलत नाहीत.

काम तातडीने सुरू होण्याला एक कारण घडले. गेल्या महिन्यात एक शाळकरी मुलगी वक्तृत्व स्पर्धेसाठी शरद जोशी यांच्यावरचा मजकूर मागायला आली. तिला हवे होते ते शेतकरी संघटनेचे शरद जोशी, म्हणजे १९३५ साली साताऱ्यात जन्मलेले आणि स्वित्झर्लंडमधील नोकरी सोडून १९७७ साली परत येऊन चाकणजवळच्या आंबेठाणला जमीन घेणारे. उज्जैनला १९३१ साली जन्मलेले हिंदी व्यंगलेखक शरद जोशी हे वेगळे गृहस्थ. आमच्या पाकिटात दोघांची कात्रणे एकत्र होती आणि आम्ही ते पाकीट जसेच्या तसे तिच्या हाती दिले. कांद्याच्या भावासाठी रस्त्यावर उतरणारा हा नेता हिंदीत विनोदी सदरेही लिहीत असे, असे वाक्य तिने भाषणात घातले आणि तिचे गुण कापले गेले. चूक त्या मुलीची नव्हती, पाकिटाची होती, म्हणजेच आमची होती. सूचीचे पहिले नोंदपत्र म्हणून आज शरद जोशी या नावाची दोन नोंदपत्रे केली.

५ जून २०२५

आज जयंत पाटील. हे नाव सांगलीत उच्चारले की ऐकणाऱ्याच्या मनात इस्लामपूरशिवाय दुसरे गाव येत नाही, आणि नेमकी तीच अडचण आहे. राजारामबापू पाटील यांचे चिरंजीव, राज्याचे माजी अर्थमंत्री जयंत राजाराम पाटील हे एक. अलिबागच्या प्रभाकर पाटील यांचे चिरंजीव, शेतकरी कामगार पक्षाचे सरचिटणीस जयंत प्रभाकर पाटील हे दुसरे. एक विधानसभेत आणि दुसरे विधान परिषदेत अशी दोघांनी एकाच इमारतीत वर्षानुवर्षे भाषणे केली आणि अलीकडे दोघे एकाच आघाडीत होते, त्यामुळे बातमीच्या मथळ्यावरून कोणते जयंत पाटील बोलले हे ठरवणे अवघड जाते. पाकिटातील साठ-सत्तर कात्रणांपैकी नऊ अलिबागच्या जयंतरावांची निघाली.

आपल्याकडे पूर्ण नाव तीन पदांचे असते. त्यातले पहिले आणि तिसरे पद जुळणे फार सोपे आहे, कारण पाटील हे आज आडनाव असले तरी मुळात ते गावच्या वतनाचे, हुद्द्याचे नाव आहे. गावागणिक एक तरी पाटील घराणे असते. एखाद्या पिढीला आवडलेले नाव घ्यावे, त्यापुढे पाटील लावावे, की चार गावांत चार माणसे उभी राहतात. खरा वेगळेपणा मधल्या पदात, वडिलांच्या नावात असतो, आणि वर्तमानपत्रे जागा वाचवण्यासाठी नेमके तेच पद गाळतात. म्हणून या सूचीत मधले नाव मिळाल्याशिवाय नोंदपत्र पक्के करायचे नाही, असे आज ठरवले.

११ जून २०२५

पृथ्वीराज पाटील यांचे पाकीट उघडले तेव्हा पाच तारखेचा नियम पुरेसा नाही हे लक्षात आले.

सर्वांत वर एक रंगीत छायाचित्र होते. मॅटवर लाल पोशाखातला तरुण मल्ल उभा आहे, त्याच्या खांद्यावर गदा आहे, आणि कात्रणाच्या कडेला कुणीतरी निळ्या शाईने ‘सातारा’ एवढेच लिहिले आहे. ही २०२२ सालची साताऱ्यात झालेली महाराष्ट्र केसरी स्पर्धा. अंतिम लढतीत विशाल बनकर याला हरवून पन्हाळा तालुक्यातील देवठाण्याच्या पृथ्वीराज पाटील याने गदा मिळवली. त्याच छायाचित्राच्या पाठीला डिंकाने चिकटलेले दुसरे कात्रण सांगली विधानसभा मतदारसंघातील प्रचारसभेचे होते. २०१९ आणि २०२४ या दोन्ही निवडणुकांत तेथून काँग्रेसतर्फे लढलेले पृथ्वीराज पाटील हे वेगळे गृहस्थ आहेत. दोन्ही कात्रणे ओल्या कापसाने सोडवायला अर्धा तास गेला. गदेचा वरचा भाग थोडा खरवडला गेला, त्याची खंत वाटते.

सांगलीच्या पृथ्वीराज पाटलांचे मधले नाव गुलाबराव. सहकार चळवळीतील ज्येष्ठ नेते गुलाबराव पाटील हे त्यांचे वडील. म्हणून मी समाधानाने ‘पृथ्वीराज गुलाबराव पाटील’ असे नोंदपत्र लिहिले आणि गुलाबराव पाटील यांच्या पाकिटाचा क्रमांक जोडायला गेलो, तर त्या पाकिटात अर्धी कात्रणे जळगावच्या, राज्यात मंत्री असलेल्या गुलाबराव पाटलांची होती. ज्या नावाच्या आधाराने एक गुंता सोडवायचा, ते नावच दुसऱ्या गुंत्यात सापडलेले. तेव्हा मधल्या नावाबरोबर गाव आणि शक्य असेल तेथे जन्मसालही लिहायचे, असा नियम वाढवला.

यंदा फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी झालेला मल्लही पृथ्वीराजच आहे, पण तो मोहोळ. आडनाव वेगळे असल्याने त्याचे स्वतंत्र पाकीट आहे. तरीही त्यातून देवठाण्याच्या पृथ्वीराजची दोन कात्रणे निघाली.

१८ जून २०२५

आज दुपारी पलूस भागातील एका खेड्यातून एक वृद्ध गृहस्थ आले. वय ऐंशीच्या आसपास, कानाची पाळी आखाड्यात चेंबलेली, डोक्याला पांढरा फेटा. सूचीचे काम चालू असल्याचे त्यांना नातवाकडून कळले होते. त्यांचे नाव आणि आडनाव राज्याच्या एका माजी मंत्र्यांच्या नावाशी तंतोतंत जुळते. ते येथे लिहीत नाही, कारण ते खासगी गृहस्थ आहेत.

१९७४ साली जत्रेतल्या मैदानात शेवटच्या जोडीची कुस्ती त्यांनी जिंकली होती आणि तिची बातमी एका स्थानिक दैनिकात छापून आली होती. घरचे कात्रण २०१९ च्या महापुरात गेले. वाचनालयात ते असेल या आशेने त्यांनी पूर्वी दोनदा चौकशी केली होती आणि दोन्ही वेळा ‘तुमच्या नावाचे पाकीट नाही’ असे उत्तर त्यांना मिळाले होते. आज मंत्र्यांचे पाकीट तळापर्यंत उपसले. भूमिपूजने, उद्घाटने आणि अर्थसंकल्पावरची भाषणे यांच्या खाली चार बोटांएवढे कात्रण निघाले. कागद तपकिरी झालेला होता, पण मजकूर वाचता येत होता, आणि घिस्सा डावावर कुस्ती निकाली झाली असे त्यात स्पष्ट छापले होते.

वस्तादांनी ते बराच वेळ हातात धरले. मग म्हणाले, “सायबांचं नाव मोठं हाय, त्याला माझं काय म्हणणं न्हाई. पण ती कुस्ती मी मारली, तेवढं कुठंतरी लिहून ठेवा.”

त्यांना छायाप्रत दिली. मूळ कात्रण नव्या पाकिटात ठेवायचे आहे; नोंदपत्र करण्यासाठी त्यांचे कागदपत्र पाहावे लागतील, म्हणून पुन्हा यायला सांगितले. दोन सारख्या नावांपैकी मोठे नाव लहान नावाला गिळून टाकते आणि गिळल्याचे त्या मोठ्या नावाला कळतही नाही, हे आजवर मी नुसते ऐकून होतो. आज ते पाकिटाच्या तळाशी पाहिले.

२७ जून २०२५

किरकोळ पण आवश्यक कामे उरकली. सांगलीचे २०१४ आणि २०१९ चे खासदार संजयकाका पाटील आणि ईशान्य मुंबईतून २००९ व २०२४ साली निवडून आलेले संजय दिना पाटील यांची कात्रणे वेगळी केली. दोघे कधीच एका लोकसभेत एकत्र नव्हते, त्यामुळे कात्रणाची तारीख पाहिली की काम होते. विजय पाटील या नावाने मुंबई क्रिकेट असोसिएशनचे माजी अध्यक्ष आहेत आणि ‘राम-लक्ष्मण’ या नावाने संगीत देणारे दिवंगत संगीतकारही आहेत. संगीतकाराने व्यवसायात वेगळे नाव घेतल्यामुळे आमचे काम त्यांनीच सोपे करून ठेवले आहे. सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला मल्ल नरसिंग यादव आणि त्याच नावाचे तेलुगू चित्रपटांतील दिवंगत अभिनेते यांत आमच्याकडे गोंधळ नव्हता, तरी सावधगिरीची टीप जोडली.

फक्त पहिले नाव सारखे असलेल्यांना सूचीत घ्यावे काय, असा प्रश्न सहकाऱ्यांनी विचारला. स्मृती मानधना या आपल्या सांगलीच्या, पण केवळ स्मृती या नावावरून त्यांची कोणाशी गल्लत होत नाही. नाव आणि आडनाव दोन्ही जुळली तरच घ्यायचे, हे पक्के केले.

१६ जुलै २०२५

जयंत राजाराम पाटील यांच्या नोंदपत्रावर ओळख म्हणून मी ‘प्रदेशाध्यक्ष’ असा शब्द वापरला होता. काल त्यांच्या पक्षाचे प्रदेशाध्यक्षपद साताऱ्याच्या शशिकांत शिंदे यांच्याकडे गेले आणि माझे नोंदपत्र दीड महिन्यात जुने झाले. पद, पक्ष, खाते, किताब या सगळ्या अंगावरच्या वस्त्रासारख्या गोष्टी आहेत. माणूस त्या बदलतो. ओळखीसाठी जे बदलत नाही तेच घ्यायला हवे. आजवर लिहिलेली ४६ नोंदपत्रे परत काढून त्यांतील पदे खोडली आणि ती चरित्राच्या रकान्यात सालासह उतरवली. हे आधीच सुचायला हवे होते.

स्त्रियांच्या बाबतीत हा नियमही अपुरा पडतो, कारण लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलण्याची रीत आहे. माण तालुक्यातील मोहीच्या ललिता शिवाजी बाबर यांनी २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली, ती याच नावाने. स्त्री खेळाडूचे मुख्य नोंदपत्र ती ज्या नावाने मैदानात उतरली त्या नावाचे राहील आणि नंतरच्या नावावरून तेथे येण्याची वाट दाखवणारे जोडपत्र असेल, असे ठरले.

२९ जुलै २०२५

आजवर एका पाकिटातून दोन माणसे निघत होती. आज उलटे झाले.

‘खाशाबा जाधव’, ‘के. डी. जाधव’, ‘जाधव (ऑलिम्पिक)’ आणि ‘फौजदार जाधव’ अशी चार पाकिटे मिळाली. चारही एकाच माणसाची, कराड तालुक्यातील गोळेश्वरच्या खाशाबा दादासाहेब जाधव यांची. १९४८ साली लंडनला ते सहावे आले, १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले, १९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात गेले. इंग्रजी बातम्यांवरून केलेल्या पाकिटावर आद्याक्षरे, मराठीवरून केलेल्यावर नाव आणि पोलीस खात्याच्या बातमीवरून केलेल्यावर हुद्दा, असे हे चार तुकडे पडले होते. हेलसिंकीलाच चौथे आलेले केशव माणगावे यांचेही नाव के. डी. माणगावे असे छापले जाई. त्यामुळे ‘के. डी.’ एवढाच उल्लेख असलेले एक कात्रण तासभर टेबलावर पडून राहिले. वजनगटावरून ते खाशाबांचे ठरवले.

ज्या माणसाला हयातीत पुरेसा मान मिळाला नाही आणि अर्जुन पुरस्कारही मृत्यूनंतर सोळा वर्षांनी मिळाला, त्याची कात्रणे तरी एकत्र असावीत, असे मनापासून वाटले. चारही पाकिटे एक केली.

विजय हजारे यांच्या पाकिटाची गोष्ट आणखी निराळी आहे. ११ मार्च १९१५ रोजी ते याच सांगलीत जन्मले. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडला त्यांनी दोन्ही डावांत शतके (११६ आणि १४५) काढली आणि १९५२ साली मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तेव्हा कर्णधार तेच होते. त्यांच्या नावाचा दुसरा कोणी प्रसिद्ध माणूस नाही. पण त्यांच्या नावाचा करंडक आहे. दर हिवाळ्यात ‘विजय हजारे’ हा शब्द मथळ्यात येतो आणि पाकिटात तरुण खेळाडूंच्या धावफलकांची भर पडते. त्या दोनशेहून अधिक कात्रणांत हजारे यांच्या स्वतःच्या खेळाविषयीची फक्त अकरा होती. स्पर्धेसाठी वेगळे पाकीट केले.

२० ऑगस्ट २०२५

आज डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा स्मृतिदिन. दोन वेगळ्या खणांत दोन पाकिटे होती. एक ‘दाभोलकर, डॉ. नरेंद्र : अंधश्रद्धा निर्मूलन’ आणि दुसरे क्रीडा खणात, ‘नरेंद्र दाभोलकर : कबड्डी’. कुणा वाचकाने दुसऱ्यावर ‘हे कोण?’ असे पेन्सिलीने लिहिले होते.

दोन्ही एकच. १ नोव्हेंबर १९४५ रोजी साताऱ्यात जन्मलेले, सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, शिवाजी विद्यापीठाच्या कबड्डी संघाचे कर्णधार राहिलेले आणि कबड्डीसाठी शिवछत्रपती पुरस्कार मिळालेले दाभोलकर, आणि १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी करणारे दाभोलकर. नाव सारखे असले म्हणजे माणसे दोन असतीलच असे नाही. एखादा माणूस दोन क्षेत्रांत इतका पुढे जातो की सूची करणाऱ्याला तो एक आहे यावर विश्वास बसत नाही. पाकिटे वेगळी करण्याच्या नादात अशी खरी जोड तुटू नये, म्हणून प्रत्येक संशयित जोडीची जन्मतारीख ताडून पाहिल्याशिवाय निर्णय करायचा नाही. पेन्सिलीच्या प्रश्नाखाली उत्तर लिहून दोन्ही पाकिटे एका खणात ठेवली.

२ सप्टेंबर २०२५

इतरांनी हा प्रश्न कसा सोडवला हे पाहण्यासाठी बाहेरच्या खेळांची पाकिटे घेतली. खाशाबांच्याच हेलसिंकीत हॉकीच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सवर ६–१ असा विजय मिळाला आणि त्यातले पाच गोल बलबीर सिंग यांचे होते. पुढे १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिक संघात बलबीर सिंग नावाचे तीन खेळाडू एकाच वेळी होते. एक पंजाबचे, एक सेनादलाचे आणि एक रेल्वेचे. त्यांना अनुक्रमांक देऊन ओळखले गेले आणि हेलसिंकीच्या बलबीर सिंग यांना ‘ज्येष्ठ’ हे विशेषण कायमचे चिकटले.

ब्राझीलच्या फुटबॉलमध्ये १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिक संघात वयाने मोठा आणखी एक रोनाल्डो होता, म्हणून पुढे जगप्रसिद्ध झालेल्या रोनाल्डोच्या पाठीवर ‘रोनाल्डिन्यो’, म्हणजे धाकटा रोनाल्डो, असे नाव लिहिले गेले. नंतर खरा रोनाल्डिन्यो आला तेव्हा त्याला त्याच्या प्रांतावरून ‘गाउशो’ म्हणू लागले. ही रीत आपल्या तालमींना नवी नाही. १९६१ सालचे पहिले महाराष्ट्र केसरी, आपल्याच जिल्ह्यातील दिनकर दह्यारी, हे गावाच्या नावानेच यादीत आहेत. तालमीत एका नावाचे चार गडी असले की वस्ताद गावाच्या नावाने हाक मारतात, आणि माझ्या मते अनुक्रमांक किंवा ‘ज्येष्ठ–कनिष्ठ’ यांपेक्षा ही पद्धत अधिक चांगली आहे, कारण तिच्यात कोणी दुसऱ्याच्या मागे उभा राहत नाही.

संगीताच्या खणात उस्ताद राशिद खाँ यांच्या पाकिटात अफगाणिस्तानच्या फिरकी गोलंदाजाचे एक कात्रण मिळाले. ते त्वरित हलवले. पलुस्करांची दोन पाकिटे मात्र तपासून जशीच्या तशी ठेवली. वडील विष्णु दिगंबर आणि पुत्र दत्तात्रेय विष्णु, म्हणजे वि. दि. आणि द. वि.; कोणीतरी आधीच काळजीपूर्वक काम केलेले आहे. त्या अनामिक हाताला नमस्कार.

१६ सप्टेंबर २०२५

साताऱ्यात होणाऱ्या नव्व्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून कादंबरीकार विश्वास पाटील यांची निवड जाहीर झाली आणि दोन दिवसांत सात वाचकांनी त्यांचे पाकीट मागितले. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील नेर्ल्याचे असल्याने त्यांच्याविषयी येथे आपुलकी आहे. पाकिटात मात्र कोल्हापूर जिल्हा दूध संघाचे, म्हणजे ‘गोकुळ’चे माजी अध्यक्ष विश्वास नारायण पाटील यांच्या दूधदराच्या बातम्याही होत्या. या वेळी पाकीट वाचकाच्या हाती जाण्याआधी वेगळे केले. मे महिन्यात आलेल्या त्या शाळकरी मुलीची आठवण झाली.

८ ऑक्टोबर २०२५

नामसाधर्म्याचा फटका हा शब्दप्रयोग निवडणुकीच्या बातम्यांत इतका रुळला आहे की त्यासाठी स्वतंत्र पाकीट करावे लागले. २०१४ साली रायगड लोकसभा मतदारसंघात सुनील तटकरे यांचा अनंत गीते यांच्याकडून २,११० मतांनी पराभव झाला, आणि त्याच निवडणुकीत सुनील तटकरे याच नावाच्या एका अपक्ष उमेदवाराला ९,८४९ मते मिळाली. त्यांतली किती मते चुकून पडली हे कोणी सांगू शकत नाही, पण आकड्यांची ही जोडी पाहिल्यावर पाकिटावर एक ओळ अधिक लिहिण्याचा कंटाळा करू नये असे वाटते. २०१५ पासून निवडणूक आयोगाने मतदान यंत्रावरील मतपत्रिकेवर उमेदवाराचे छायाचित्र छापणे सुरू केले. आम्हीही शक्य तेथे नोंदपत्राला छायाचित्राची प्रत जोडू लागलो आहोत.

३० ऑक्टोबर २०२५

गाव हे न बदलणारे चिन्ह आहे असे मी जूनमध्ये गृहीत धरले होते. गाव जागचे हलत नाही हे खरे, पण त्याचा तालुका आणि जिल्हा हलतो. यशवंतराव चव्हाण १९१३ साली देवराष्ट्रे येथे जन्मले तेव्हा ते गाव सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले, आणि आज देवराष्ट्रे कडेगाव तालुक्यात आहे. जुनी कात्रणे ‘सातारा’ म्हणतात आणि नवी ‘सांगली’, म्हणून जन्मस्थळाच्या रकान्यात ‘तेव्हा’ आणि ‘आता’ अशी दोन घरे पाडली.

ही दुरुस्ती सुचली ती वस्तादांमुळे. ते आज शाळेचा दाखला घेऊन पुन्हा आले. त्यांचे नोंदपत्र मी तयार ठेवले होते : नाव, वडिलांचे नाव, गाव, तालुका पलूस, मल्ल. त्यांनी चष्मा लावून ते सावकाश वाचले आणि तालुक्यावर बोट ठेवले. कुस्ती मारली त्या वर्षी गाव तासगाव तालुक्यात होते आणि कात्रणातही तासगावच छापले आहे, तेव्हा उद्या कोणी दोन्ही कागद शेजारी ठेवले तर त्याला ही माणसे वेगळी वाटतील, असे त्यांचे म्हणणे होते. ते अगदी बरोबर होते. नोंदपत्रावर ‘तेव्हा तासगाव, आता पलूस’ असे लिहून त्यांच्यासमोर कात्रण नव्या पाकिटात घातले आणि पाकिटाला क्रमांक दिला, २१४. मंत्र्यांचे पाकीट २१३ आहे. वस्तादांनी दोन्ही खणात शेजारी लावलेली पाहिली आणि पाचच्या एसटीने गावी गेले.